वाणाची वाटी आणि टेरिटरी

नोटिशीला पुरावा म्हणून स्टीलच्या एका वाटीचा रंगीत फोटो जोडला होता. वाटीवर दुकानाचं नाव कोरलेलं, त्याखाली पंपाच्या कंपनीचं नाव आणि 'सौंसर'. फोटोखाली टाइप केलं होतं : परिशिष्ट ब.

मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या कोर्टात माझी वकिली चालते ती बांधाच्या भांडणांवर आणि न वटलेल्या चेकवर. भांड्याची ही पहिलीच केस.

समोर वंदनाताई बसल्या होत्या. बसस्टँडजवळ त्यांचं सबमर्सिबल पंपांचं दुकान आहे. गल्ल्यावर त्या, आणि विहिरीत मोटार सोडायला त्यांचे यजमान. माल एकाच कंपनीचा, आणि घर त्यावरच चालतं.

"वकीलसाहेब, डीलरशिप काढून घेतो म्हनते कंपनी. मी काय चोरी करून राहिली का?"

करार वाचला. त्यात टेरिटरी नावाचं कलम होतं. टेरिटरी म्हणजे डीलरला नेमून दिलेला मुलूख. वंदनाताईंचा मुलूख सौंसर तहसील. पांढुर्ण्याला त्याच कंपनीचे दुसरे डीलर, किशोरभाऊ. आपल्या टेरिटरीबाहेरच्या गिऱ्हाइकाला माल विकायचा नाही, असं दोघांकडूनही लिहून घेतलेलं. आणि वंदनाताईंचे पंप पांढुर्ण्याच्या संत्रा-बागांमध्ये सर्रास उतरत होते.

"तिकडचे लोक तुमच्याकडे का येतात? भाव कमी लावता?"

"भाव तोच आहे जी. माहेर आहे ना माह्यं तिकडं. काका येते, मामा येते. गावातला कोनीही आला त तो काकाच. लेकीचं दुकान सोडून दुसरीकडून मोटार घेतली त गावात तोंड कसं दाखवन तो?"

"आणि ही वाटी?"

"वाण आहे ते. संक्रांतीले माहेरी हळदीकुंकू केलं, तवा देल्लं. भांडेवाला म्हने नाव टाकून देतो फुकट, म्या म्हटलं टाक."

स्पर्धा कायद्याचं पुस्तक माझ्या कपाटात होतं, पण ते उघडायची वेळ आली नव्हती. उघडलं. कंपनीने डीलरवर घातलेली असली बंधनं सरसकट बेकायदा नसतात, असं त्यात निघालं. बाजारातल्या स्पर्धेला जाणवण्याइतकी बाधा पोचली, तरच ती बेकायदा. जाणवण्याइतकी म्हणजे किती, हे दिल्लीच्या स्पर्धा आयोगापुढे जाऊन भांडायचं. दोन गावं, दोन दुकानं, एक कंपनी. बाधा कोणाला जाणवत होती? पंप विकत घेणाऱ्यांची तर काही तक्रार नव्हती.

परदेशी निकालांत एक उपयोगाचा भेद सापडला. दुसऱ्याच्या मुलखात जाऊन गिऱ्हाईक ओढणं वेगळं आणि गिऱ्हाईक आपल्या पायाने दुकानात येणं वेगळं. पहिल्याला कंपनी मनाई करू शकते, दुसऱ्याला करणं अवघड. काका-मामा आपल्या पायाने आले होते, तेवढा भाग आमच्या बाजूचा. वाटी कुठे बसवायची ते कळेना. बायका वंदनाताईंच्या दारात आल्या होत्या हे खरं, पण दार पांढुर्ण्यातलं होतं.

बैठक माझ्या ऑफिसात झाली. एरिया मॅनेजर भोपाळहून आले, सोबत किशोरभाऊ; तक्रार आणि वाटीचा फोटो त्यांचाच होता. मॅनेजरांनी लॅपटॉपवर नकाशा उघडला. सौंसर हिरवं, पांढुर्णा निळं. 'टेरिटोरियल डिसिप्लिन' या विषयावर ते बराच वेळ बोलले. मग वाटीकडे वळले.

"मॅडम, ये ॲक्टिव्ह मार्केटिंग है. कितने कस्टमर टार्गेट किए?"

"कस्टमर कोन? बाया होत्या. कुंकू लावून घ्याले आल्त्या."

"पंप कोणता घ्यायचा हे काय हळदीकुंकवात ठरतं का?" मी विचारलं.

"सर, घर में डिसिजन मेकर लेडीज ही होती हैं. हमारी ट्रेनिंग में बताते हैं."

"हे मात्र बरोबर शिकवलं," वंदनाताई म्हणाल्या.

मुद्दा आमच्या विरुद्ध जात होता. मी विषय बदलला. "किशोरभाऊ, ही वाटी तुम्हाला मिळाली कुठून?"

किशोरभाऊ खाली बघत म्हणाले, "घरातच होती."

"वहिनी आल्त्या ना हळदीकुंकवाले," वंदनाताईंनी खुलासा केला. "माह्या वर्गातलीच आहे ते."

"ताई, तुमच्या दुकानाच्या नावाच्या वाटीत मले रोज चटनी वाढते ते," किशोरभाऊ म्हणाले. "इकडं माह्या दुकानात कोनी पाय ठेवत नाही. सांगा, म्या काय कराव?"

मॅनेजरांनी नकाशाकडे पाहिलं. याचं उत्तर हिरव्यातही नव्हतं आणि निळ्यातही.

मी म्हटलं, "साहेब, दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवा, असं तुम्ही लिहून घेतलंय. आयोगापुढे हे टिकेल?"

त्यांनी कंपनीच्या लीगल विभागाला फोन लावला. लीगलचं म्हणणं पडलं की दोन्ही मतं संभवतात. फोन ठेवून त्यांनी मला विचारलं, "आपको श्योर है, नहीं टिकेगा?"

"मी वकील आहे," मी म्हणालो. त्यांनी त्याचा अर्थ होय असा घेतला.

कायदा कोणाच्या बाजूने आहे हे दोघांनाही माहीत नसलं, की तडजोड लवकर होते. नोटीस मागे घेतली गेली. आलेल्या गिऱ्हाइकाला माल द्यायचा, दुसऱ्याच्या भागात कंपनीच्या नावाने जाहिरात करायची नाही. वंदनाताईंचा पंप पांढुर्ण्याकडे गेला, तर तो बसवायचं आणि दुरुस्तीचं काम किशोरभाऊंचं, मजुरीही त्यांची. किशोरभाऊ यावर खूश झाले. पंप एकदा विकला जातो, पण बिघडतो वारंवार.

लीगलने जाता जाता एक कलम वाढवलं. टेरिटरीबाहेरच्या सामाजिक वा धार्मिक कार्यक्रमात डीलरने कंपनीचं नाव असलेल्या वस्तू, 'घरगुती भांड्यांसह', वाटू नयेत.

सही करण्याआधी वंदनाताईंनी विचारलं, "म्हनजे कंपनीचं नाव नको. दुकानाचं चालते ना?"

मी कलम पुन्हा वाचलं. चालत होतं. मॅनेजरांची गाडी तोवर सुटली होती.

आता कोणी डीलरशिपचा करार दाखवायला आणला, की मी आधी विचारतो, नातेवाईक कुठे कुठे राहतात? नकाशा त्यानंतर बघतो.