उचलीचं धान

मालकिणीने माझा दंड चिमटीत धरला आणि सगळ्या खळ्याला दाखवला.

नुसती कातडी नाही. आतलं मऊ, ढिलं मांस. ओढलं, सोडलं, पुन्हा धरलं. बाजारात कोंबडी घेणारा माणूस ती चाचपून पाहतो, तसं. माझ्या पायाशी टोपलं पडलं होतं, धान सांडलं होतं आणि मी धापा टाकत होते. पदराचं भान नव्हतं.

"तुमच्या बायांचं अंग तं लाकडावानी रायते वो," मालकीण माझ्या मायकडे पाहून म्हणाली. "हे लोनी कोन्या घरचं होय?"

खाटांवरचे पाहुणे हसले. मग आमच्या मोहल्ल्यातल्या बायाही हसल्या. सगळ्या नाही, पण हसल्या. विधवा बाईच्या पोरीचं अंग मालकाच्या घरच्यांसारखं कसं, असं ती विचारत होती, आणि ते प्रत्येकीला कळलं होतं. मायला मान खाली घालायची होती, पण तीही घालता येत नव्हती. त्या वर्षी तिची मानच धरली होती. म्हणून तर तिच्या जागी मी आले होते.

आमचं गाव लाखनीच्या बाजूचं. आणीबाणी उठून गेली होती, पण आमच्या गावातून काहीच उठून गेलं नव्हतं. तलावाखालच्या चांगल्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, मालगुजाराच्या, आणि त्या बांध्यांत वाकणाऱ्या बाया आमच्या. मालगुजारी कागदावरून जाऊन वर्षं झाली होती, तरी सगळे त्याला मालकच म्हणत. रोवण्यापासून कापणीपर्यंत जी बाई त्याच्या चिखलात राबली, तिला मळणीच्या शेवटच्या दिवशी उचलीचं धान मिळे. नियम साधा. टोपल्यात पाहिजे तेवढं भर. एकटीने डोक्यावर घे, कोणी हात लावायचा नाही. एका दमात खळ्याच्या कुंपणाबाहेर ने. बाहेर गेलं ते तुझं. वाटेत टेकवलं की परत राशीत.

मालक याला खुशी म्हणायचा. आणि वर्षभर मजुरी कमी का, असं कोणी विचारलं की म्हणायचा, उचल आहे ना. म्हणजे आमचीच मजुरी, पण ती मानेने कमवायची. तीही त्यांच्या डोळ्यांसमोर. त्या दिवशी खळ्यावर खाटा टाकल्या जात, चहा फिरे, लाखनीचे पाहुणे येत, कोणती बाई किती नेते यावर पैजा लागत. जत्राच.

आणि खरं सांगायचं तर आम्हालाही त्याचा अभिमान होता. माझी माय उचलीत पहिली. डोक्यावर चुंबळ ठेवून ती टोपलं उचलायची तेव्हा तिच्या गळ्याच्या शिरा दोरीसारख्या फुगायच्या. मी लहानपणी मैत्रिणींना सांगत फिरायचे, माझ्या मायएवढं कोणीच नेत नाही. एका बाईचा गर्भ याच खळ्यावर गेला होता. तिच्याबद्दलही मोहल्ला काय म्हणायचा? बिचारी, पण टोपलं टेकवलं नाही तिने. अशी आमची शाबासकी.

पण मायने मला मात्र काही उचलू दिलं नाही. आमच्या लोकांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली त्या वर्षी ती नवी नवरी होती. शिका, हा शब्द तिने ऐकला आणि स्वतःच्या पद्धतीने पक्का धरला. पोरीच्या डोक्यावर ओझं नाही ठेवायचं. घागर नाही, काड्यांचा भारा नाही, शेणाचं टोपलंसुद्धा नाही. मी उठले की ओरडायची, बस, वाच. ती चिखलातून यायची, हातपाय धुवायची, मला भात वाढायची. भात आणि गूळ, भात आणि तेल. घरात डाळ शिजली तर पातळ. अंडं झालंच तर ते विकायला. चहा मात्र गोडमिट्ट, त्यात टोस बुडवून. आपल्या लेकीला बसून खायला मिळतं, याचं तिला केवढं सुख. तिच्या आधीच्या किती पिढ्यांत कुणाला बसून खायला मिळालं होतं?

मग भंडाऱ्याचं कॉलेज, मुलींचं वसतिगृह. तिथेही तेच. भात, पाण्यासारखं वरण, संध्याकाळी आलुबोंडे, बाकी वेळ पुस्तक. मी बारीक होते. बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. शेलाटी आहे हो पोरगी, असं बाया म्हणायच्या आणि माय खूश व्हायची. पण कॉलेजच्या जिन्यावर मला दम लागायचा. बसस्टँडवर माझी पेटी मला उचलवत नसे. हात काडीसारखे, तरी दंडाखाली लोंबतं मांस. पोट दिसायला सपाट, पण बसलं की त्याला मऊ वळ्या. जाड माणसाला सगळं गाव विचारतं, बारीक माणसाला कोणी विचारत नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

आणि त्या दिवशी खळ्यावर मला चिमटा काढला गेला.

गंमत पुढेच आहे. मालकिणीची सून नागपूरची. ती खाटेवर बसली होती, हुबेहूब माझ्यासारखी. तेच काडीसारखे हात, तेच मऊ दंड. चहाचा ट्रे उचलून उठली आणि तिला घेरी आली. मालकिणीने माझा दंड सोडला, त्याच हाताने सुनेला धरलं आणि म्हणाली, "सूनबाई, तुमी उनात नोका बसू. तुमचं अंग नाजूक."

तिचं नाजूक. माझं लोणी. तेव्हापासून माझ्या आत काहीतरी वळवळायला लागलं. ते अजून थांबलेलं नाही.

मी पुन्हा टोपल्याकडे वाकणार तोच मायने मला बाजूला केलं. मी हात धरला, तिने झटकला. ती धरलेली मान घेऊन ती वाकली, टोपलं भरलं, उचललं. कुंपणापर्यंत ती पाय ओढत गेली. टेकवलं नाही. बाहेर जाऊन खाली बसली आणि मग तिला उठता येईना. खाटांवरून कोणीतरी वाहवा म्हणालं. मला त्या माणसाच्या तोंडात माती कोंबावीशी वाटली. मी काही केलं नाही. दम लागला होता मला, काय करणार होते?

लाखनीच्या दवाखान्यात मायला नेलं. तिला धरून बसमधून उतरवलं आणि मी स्वतःच मटकन बसले. डॉक्टरीणबाईंनी मायची मान पाहिली, मणक्याचं काही सांगितलं, ओझं कायमचं बंद म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. नाडी पाहिली, दंड दाबला, पोटरी दाबली. पुन्हा तोच दंड, पण या बोटांत थट्टा नव्हती. मला मूठ आवळायला लावली, खुर्चीवरून हात न टेकता उठायला लावलं. मला जमेना. मी म्हटलं, मी तर बारीक आहे.

"बारीक आहेस, धडधाकट नाहीस," त्या म्हणाल्या. "अंगात चरबी जास्त आणि मांसपेशी नावाला. काटा तुझं वजन सांगेल, हे नाही सांगणार. असंच बसून राहिलीस तर पुढे साखर, रक्तदाब, सगळं येईल."

मी उपाय विचारला. त्या म्हणाल्या, भात कमी, डाळ, चणे, अंडी, मासोळी जास्त. रोज चालायचं. आणि ओझं उचलायचं, थोडं थोडं वाढवत.

ओझं उचलायचं. मायने हे ऐकलं आणि दवाखान्यातच तिचे डोळे भरून आले.

"बाई, याच्याचसाठी शिकवलं का म्या इले?"

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली.

उन्हाळ्यात गावच्या तलावाचा गाळ काढायचं काम रोजगार हमीत निघालं. मी गेले. मायने भांडण मांडलं, दोन दिवस जेवली नाही. पोरगी कॉलेजात आणि डोक्यावर माती, लोक थुंकतील म्हणाली. मी म्हटलं, माय, तू वाहिलंस ते मालकाचं होतं, मी वाहते ते माझ्या अंगासाठी. तिला ते पटलं नाही. कसं पटणार? ओझं ते ओझं, असं तिच्या मानेला ठाऊक होतं.

सुरुवातीला मी तलावाच्या बांधावर, पाळीवरच, ओकले. अर्धं टोपलं घेऊनही पाय थरथरायचे. बाया म्हणायच्या, शाळेची बाई आली गंमत पाहायला. हात सोलले, त्यावर घट्टे आले. रात्री पोटऱ्या ठणकायच्या आणि झोप यायची नाही. मी अंगणात येरझारा घालायचे, माय आतून ओरडायची. कॉलेज सुरू झालं तरी सोडलं नाही. पहाटे वैनगंगेच्या पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं. वसतिगृहात पाणी वर चढत नसे, तर सगळ्या मुलींच्या बादल्या मी वर नेऊ लागले. भिजवलेले चणे खिशात. बसवतच नव्हतं मला. पुस्तकसुद्धा उभ्याने वाचायचे.

वजन वाढलं. हो, वाढलं. झंपराच्या बाह्या दंडावर घट्ट झाल्या, आणि मोहल्ला हळहळला, पोरीचा शेलाटा बांधा गेला, आता हिला कोण करणार. मी मात्र खुर्चीवरून हात न टेकता उठत होते. एकटी असले की दंड दाबून पाहायचे. आत काहीतरी कडक लागायचं. ते माझं होतं, कोणी वाढलेलं नव्हतं.

पुढच्या मळणीला माय म्हणाली, "औंदा तू उचल. तिच्या डोयासमोर उचल." वर्षभर ती माझ्याशी भांडली होती, पण हे तिला हवं होतं. मलाही हवं होतं. खोटं कशाला बोलू? मी वर्षभर तेच टोपलं मनात उचलत होते.

खळ्यावर खाटा टाकलेल्या. माझ्या पुढे एक शेजारीण होती, पोटुशी. पोट सांभाळत ती वाकली. एका पाहुण्याने पैज लावली की ही टेकवणार, आणि खाटांवर हशा पिकला. ती उठली. तिच्या ओठांतून रक्त आलं, दात रुतले होते. कुंपणाबाहेर गेली. "शाबास," मालकीण म्हणाली.

तिथे माझं डोकं फिरलं. मी काय करायला आले होते? त्याच खाटांना माझ्या अंगाची परीक्षा द्यायला. मागच्या वर्षी नापास, यंदा पास. आणि पास करणार कोण? ती.

माझं नाव पुकारलं गेलं. मी राशीसमोर गेले आणि उभी राहिले.

"भर वो, भर," मालकीण म्हणाली. "पाहू दे किती नेतेस."

"नाही उचलत."

"होत नाही म्हन ना."

"होते. तुमच्यासमोर नाही." यंदा मला दम लागला नव्हता. "मायनं रोवलं, मायनं कापलं. तिची मजुरी पुरी द्या. हा तमाशा बंद करा."

मालक खाटेवरून उठला. कॉलेजने डोकं फिरवलं हिचं, असं म्हणाला. मग बायांकडे वळला. ज्यांना हिचं पटत असेल त्यांनी पुढच्या रोवण्याला दुसरा मालक पाहावा, असं त्याने शांतपणे सांगितलं. एकही बाई माझ्या बाजूला आली नाही. माझ्या मागे होती ती पुढे झाली, तिने चुंबळ ठेवली आणि वाकली. मी तिला दोष देत नाही. तिच्या घरी पोरं होती.

घरी आल्यावर माय म्हणाली, "उचललं असतं तं तिचं तोंड बंद झालं असतं."

"तिचं तोंड बंद कराले मी अंग कमावलं नाही, माय."

त्या वर्षी धान पुरलं नाही. मी सुट्टीत मातीकाम केलं, त्यावर निघालं. गावात अजून सांगतात, तिला उचलता येत नव्हतं म्हणून नखरे केले. मालकीण तर पाहुण्यांना हसत सांगते. मी आता लाखनीला मास्तरीण आहे. घागर, पोतं, काय म्हणाल ते एका झटक्यात उचलते. तिच्यासमोर नाही उचललं. मरेपर्यंत नाही उचलणार. म्हणू दे तिला काय म्हणायचं ते.

माय म्हणते, सोड आता. नाही सोडत. ती उचल अजून चालू आहे. मळणीच्या शेवटच्या दिवशी मी रजा टाकते आणि त्या कुंपणाच्या दारात जाऊन उभी राहते. आत जाणाऱ्या प्रत्येक बाईला थांबवते. सांगते, अंगात जोर आण, पोटभर डाळ खा, पण तो जोर यांना दाखवू नको, मजुरी माग. बहुतेक जणी मला बाजूला सारून आत जातात. मागच्या मळणीला एक माघारी फिरली. मालकाने माणसं पाठवून मला दारातून हटवायला सांगितलं. दोघे होते. मला हलवू शकले नाहीत.

यंदाही जाणार आहे.