निघणाऱ्याच्या हातावर दही

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक निवृत्त फौजी काका राहतात. कोणीही बाहेर पडलं, की दह्याची वाटी घेऊन दारात हजर.

"काका, नाहूरला चाललोय, सीमेवर नाही!"

"गप! हात पुढे कर. चाट आणि पळ."

आमच्या खानदानातली पहिली डिग्री त्यांच्या दह्यानेच आली, असं ते सांगत फिरतात. अभ्यास मी केला होता.

काल त्यांना विचारलं, हे खूळ कुठलं?

"परदेशातल्या एका शहरात शांतिसेनेत होतो. तिथे युद्ध पेटणार म्हणून पलटणीला शहर सोडून निघायचा हुकूम आला. तिथल्या दूधवाल्याला आम्हीच ही रीत शिकवलेली. त्याने एकेकाच्या हातावर दही ठेवलं आणि मग हसत स्वतःचा हात पुढे केला."

"मग दिलंत?"

"नाही. दही निघणाऱ्याला देतात रे. तो तर तिथेच राहणार होता."