मायोर्कातला शुक्रवार

मायोर्का बेटावरची एका दिवसाची टूर मी चुकीच्या वारी बुक केली. तारीख चुकली नाही, महिना चुकला नाही, पैसे दोनदा कापले गेले नाहीत. फक्त वार चुकला. सुट्टी शुक्रवारी असते असं मी धरून चाललो, आणि ते बेट स्पेनमध्ये आहे.

कुवेतमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवारची, आणि तिथे इतकी वर्षं काढल्यावर शुक्रवार रक्तात जातो. शुक्रवारी उशिरा उठायचं, दाढी करायची नाही, खैतानच्या फ्लॅटमध्ये दुपारी झोपून संध्याकाळी उगाच चिडचिड करायची. रविवार म्हणजे सकाळी सिटीतल्या ऑफिसभोवती पार्किंग शोधत तिसरी चक्कर. माझी बहीण दर रविवारी डोंबिवलीहून फोन करते आणि विचारते, आज सुट्टी ना? मी मीटिंगमध्ये टेबलाखाली वाकून कुजबुजतो, हो, बोल. तिला एवढ्या वर्षांत हे पटवता आलं नाही, आणि मला स्पेनचं आधी सुचलं नाही.

हे नुसतं सहलीचं असतं तर मी ते कुणाला सांगितलंही नसतं. पण त्या टूरमध्ये बायकोची एक भेट अडकली होती.

बायको जाब्रियातल्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन आहे. तिथल्या एका फिलिपिनो नर्सशी तिची अशी काही मैत्री जमली की मला आमच्या लग्नात आपण तिसरे आहोत असं वाटायचं. बायको तिला सिस्टरच म्हणायची, म्हणून मीही. मुलगी लहान असताना बायकोला रात्रपाळी लागली की सिस्टर आपली ड्यूटी संपवून आमच्याकडे झोपायला यायची. मी घरात असायचो, नाही असं नाही. पण मुलीला ताप आला की मी आधी थर्मामीटर शोधतो आणि मग थर्मामीटर वाचायला चष्मा, हे दोघींनाही ठाऊक होतं. सिस्टर मला कूया म्हणायची. त्यांच्याकडे दादाला कूया म्हणतात. त्यात आदर किती आणि दया किती, हे मी कधी विचारलं नाही.

कोविडच्या दिवसांत सिस्टरचं काँट्रॅक्ट संपलं. मनिलाच्या स्पेशल विमानात तिला अचानक जागा मिळाली, तेव्हा बायको क्वारंटाइनमध्ये होती. सिस्टर आमच्या दाराशी आपला राइस कुकर ठेवून गेली. भेट झालीच नाही. पुढे ती स्पेनला गेली आणि मायोर्कातल्या पोयेन्सा नावाच्या जुन्या गावात एका वृद्धाश्रमात कामाला लागली. फोनवर दोघी बोलत, हसत. पण फोन ठेवला की बायको म्हणायची, "तिला एकदा भेटायचंय. तिच्यापुढे रडायचं राहिलंय."

शेवटी यंदा रजा जमली, व्हिसा झाला, बार्सिलोना आणि मायोर्का ठरलं. शनिवारी परतायचंच होतं, कारण रविवारी दोघांची ड्यूटी. सिस्टरचा मेसेज आला: वीकेंडला या, वीकेंडला मी मोकळी असते. बायकोचं म्हणणं होतं की सरळ पोयेन्साला जाऊ, दिवसभर तिच्याकडे बसू. मी म्हटलं, अगं, एवढे पैसे घालून जायचं आणि एका चौकात बसून यायचं? आणि मी एक टूर शोधून काढली. वायदेमोसा, सोयेर, पोयेन्सा, अशी तीन ऐतिहासिक गावं, सोबत गाइड, शेवटी पोयेन्सात एक तास. गावंही बघून होतील आणि भेटही. शुक्रवारची टूर शनिवारच्या टूरपेक्षा स्वस्त होती, यावरून तरी मला शंका यायला हवी होती. मला वाटलं, नशीब जोरावर आहे. बायकोला स्क्रीन दाखवली. ती म्हणाली, शुक्रवार ना, बरं. ती आता म्हणते की तिला स्क्रीन दाखवलीच नव्हती.

शुक्रवारी सकाळी पाल्माहून बस निघाली. गाइडबाई पन्नाशीच्या, काटक, हातात मिटलेली पिवळी छत्री. प्रत्येक गोष्ट त्या तीन भाषांत सांगायच्या, त्यामुळे प्रत्येक राजा आमच्यासाठी तीनदा मेला. वायदेमोसात दगडी घरं, हिरव्या खिडक्या, दारादारांत कुंड्या. मठापुढे उभं राहून त्या तिथल्या साधूंबद्दल सांगत होत्या, ते म्हणे आठवड्यातून थोडाच वेळ एकमेकांशी बोलत. तेवढ्यात बायकोने सिस्टरला फोटो पाठवला आणि लिहिलं, आज दुपारी भेटतोय.

उत्तर लगेच आलं. आज? आज तर शुक्रवार. मी कामावर आहे.

बायकोने फोन माझ्या हातात दिला. मी मेसेज वाचला, पुन्हा वाचला, आणि मग इतका वेळ डोळ्यांसमोर असलेली गोष्ट मला दिसली. समोरून शाळेची मुलं दप्तरं घेऊन चालली होती. पोस्टमन फिरत होता. अख्खं बेट कामावर होतं.

"हिला आधी नाही का सांगता आलं, शनिवार-रविवार म्हणून?" मी म्हटलं.

"तिने वीकेंड सांगितलं होतं. जगात सगळ्यांना कळतो तो."

मठातले साधू आमच्यापेक्षा जास्त बोलत असावेत. पुढचा अर्धा तास मी टॅक्सीची चौकशी करत फिरलो. स्टँडवर एकही टॅक्सी नव्हती, आणि बायको म्हणाली, आता तुम्ही काही नवीन करू नका. मग सिस्टरचाच दुसरा मेसेज आला. ती रोज चार वाजता एका आजींना चाकाच्या खुर्चीवरून पोयेन्साच्या चौकात हवा खायला आणते. साडेचारला परत न्यावं लागतं, आजींचं औषध असतं. चार ते साडेचार ती चौकात थांबेल. आम्ही येऊ का?

कार्यक्रमपत्रिकेत बस पोयेन्साला साडेचारला पोचणार होती.

आता कुवेतमध्ये राहणाऱ्या माणसाला अडचण आली की तो नियम वाचत नाही, तो वास्ता शोधतो. म्हणजे ओळख, वशिला, कुणीतरी आपला माणूस. लायसन्सपासून पाण्याच्या मीटरपर्यंत मी वास्त्यावर जगलेला आहे. इथे माझं कुणीच नव्हतं, तेव्हा ओळख तयार करणं आलं. गाइडबाईंना मी त्यांच्या छत्रीबद्दल दोन शब्द चांगले बोललो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ऊन आहे असं सांगितलं. मग मी त्यांना सगळं खरंच सांगितलं आणि अर्धा तास आधी पोचता येईल का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, कार्यक्रम म्हणजे कार्यक्रम. शेवटी मी बॅगेतून बदाम भरलेल्या खजुरांचा डबा काढला. तो सिस्टरसाठी आणलेला होता. बायकोने ते पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली.

गाइडबाईंनी एक खजूर खाल्ला. मग आणखी एक. मग डबा घेऊन त्या बसमध्ये शेवटच्या रांगेपर्यंत गेल्या, प्रत्येकाला खजूर दिला आणि माइक हातात घेऊन, पुन्हा तीन भाषांत, आमची सगळी कहाणी सांगून टाकली. माझ्या शुक्रवारासकट. जर्मन म्हातारे हसले, मग इंग्लिश म्हातारे हसले, मग स्पॅनिश. भाषांतराप्रमाणे हशा बसमधून फिरला. पण शेवटी त्या म्हणाल्या की सोयेरमध्ये सगळे ठरल्यापेक्षा अर्धा तास आधी बसपाशी आले, तर आपण चारला पोयेन्सात असू. सगळ्यांनी हात वर केले. एका इंग्लिश आजोबांनी तर बायकोला सांगितलं की ते जेवणच अर्धं करतील.

मी बायकोकडे पाहिलं. खजुरांचं काम झालं होतं. वास्ता बेटावरही चालतो, असं मी तिला म्हटलं. ती म्हणाली, डबा तिचा होता.

सोयेर सुंदर आहे, असं म्हणतात. चर्चपुढचा मोठा चौक, मधून जाणारी लाकडी ट्राम, चहूकडे संत्र्यांच्या बागा. मला आठवतोय तो फक्त आइस्क्रीमचा रांग लागलेला काउंटर. झालं असं की बायको एका बाकावर बसली होती आणि घड्याळाकडे पाहत होती. जेवली नव्हती. मला वाटलं, इथलं संत्र्याचं आइस्क्रीम प्रसिद्ध आहे, तेवढं तिला आणून द्यावं, जरा बरं वाटेल. भरपूर वेळ होता. रांग लहान होती. पुढे उभ्या असलेल्या कुटुंबाला प्रत्येक चव आधी चाखून बघायची होती, हे मला कसं कळणार? आजीने पिस्ता चाखला, नातवाने चाखला, मग आजीला नातवाचा आवडला. सोडून जावं तर इतका वेळ फुकट. थांबावं तर आणखी. असा अडकलेला माणूस नेहमी थांबतो. ऑफिसात सिस्टिम हँग झाली तरी मी थांबतो.

दोन कोन घेऊन वळलो तेव्हा समोरून ट्राम आली, आणि ती गर्दीतून वाट काढत, घंटा वाजवत, जन्मभर पुरेल इतक्या सावकाश माझ्या पुढून गेली. पलीकडे पोचलो तर बाक रिकामा. बायको बसपाशी गेली होती. मी पळालो. पण पळालो ते सकाळच्या वायदेमोसाच्या अंदाजाने, म्हणजे बस उजवीकडे असेल असं समजून. ती डावीकडे होती.

बसमध्ये शिरलो तेव्हा सगळे जागेवर बसलेले होते. अर्धं जेवण टाकून आलेले आजोबासुद्धा. दोन्ही कोपरांवरून संत्र्याचं आइस्क्रीम गळत होतं. गाइडबाईंनी माइक हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि माइक परत ठेवला. तीनपैकी कुठल्याच भाषेत त्यांना शब्द सापडला नसावा.

बायकोने एक कोन घेतला, कारण तो सीटवर गळत होता. तिचे डोळे भरले होते. मी म्हटलं, तुझ्यासाठीच गेलो होतो गं.

"तुम्ही ना," ती म्हणाली, "तुम्ही फक्त बसून राहिला असतात, तरी चाललं असतं." पुढे पूर्ण रस्ता ती खिडकीबाहेर बघत राहिली. वळणांवर बस हळू झाली की ती पुढच्या सीटची दांडी धरून पुढे झुकायची, जणू तिच्या झुकण्याने बस जरा पुढे सरकणार होती.

पोयेन्साला पोचलो तेव्हा सव्वाचार होऊन गेले होते. दार उघडताच बायको उतरली, आणि गुडघ्याचं दुखणं विसरून त्या फरसबंदीवरून धावली. बसमधल्या सगळ्यांनी तिला आधीच वाट करून दिली होती. मी मागून पोचलो तेव्हा चौकातल्या झाडाखाली दोघी एकमेकींना धरून उभ्या होत्या. सिस्टर जाड झाली होती, केस पिकले होते. शेजारी चाकाच्या खुर्चीत काळ्या कपड्यांतल्या, हातात काठी घेतलेल्या आजी बसल्या होत्या आणि हा प्रकार किती वेळ चालणार असा चेहरा करून बघत होत्या.

मला वाटलं, माफी मागणं माझं काम आहे. मी सुरुवात केली. कुवेतचा शुक्रवार, मेसेजमधला वीकेंड, स्वस्त टूर, रांग, ट्राम, डावीकडची बस. सगळं क्रमाने सांगत होतो. बायको माझ्याकडे बघत होती. सिस्टर ऐकत होती, आणि मग तिने माझ्या दंडावर हात ठेवला, तापाच्या रात्री ठेवायची तसाच.

"कूया, दहा मिनिटं राहिली आहेत. आजींना जरा फिरवून आणा."

आणि खुर्चीच्या मुठी माझ्या हातात आल्या.

मी आजींना ढकलू लागलो. फरसबंदीच्या दगडांवर खुर्ची खडखडत होती. आजींनी काठीने उजवीकडे दाखवलं, मी उजवीकडे गेलो, आणि त्यांनी ती लगेच डावीकडे केली. एका जाळीत पुढचं चाक अडकलं, ते सोडवताना त्यांची शाल खाली पडली. त्या काहीतरी बोलत होत्या, प्रश्न विचारल्यासारखं. मला येणारा एकच स्पॅनिश शब्द मी वापरत राहिलो, सी, सी, म्हणजे हो, हो. फळांच्या दुकानापाशी त्यांनी दुकानदाराला माझ्याकडे बोट करून काहीतरी सांगितलं. तो मनापासून हसला. मीही हसलो. चौकाच्या पलीकडून मी वळून पाहिलं. बायको रडत होती, तोंड न झाकता, आणि सिस्टर तिचा चेहरा आपल्या ओढणीसारख्या रुमालाने पुसत होती. मी आणखी एक फेरी मारली. गेल्या दोन दिवसांत मी केलेलं हे पहिलं काम होतं ज्यात माझा उपयोग होत होता.

चर्चची घंटा झाली. मी खुर्ची परत आणली, थोडी तिरकी, पण आणली. बायकोचा चेहरा सुजलेला आणि हलका झालेला होता. सिस्टरने मुठी माझ्याकडून घेतल्या. आजींनी तिचा हात ओढून तिला खाली वाकवलं आणि मोठ्याने, माझ्यासमोरच, बरंच काही सांगितलं. सिस्टर हसू दाबायला लागली. बायकोने विचारलं, काय म्हणतात?

"म्हणतात, हा नवीन ठेवलेला माणूस उद्यापासून पाठवू नका. याला खुर्ची सरळ ढकलता येत नाही, आणि काहीही विचारलं तरी नुसता हो म्हणतो."