हलत्या पट्ट्यांची साडी

मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, त्यामुळे आमच्या घरातली एकही वस्तू धड चालत नाही.

आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे सुनंदानं, मोबाइलवर लाइव्ह साड्या विकायचं ठरवलं. नवी पेठेतून निवडून निवडून एकरंगी साड्या आणल्या. माझ्या टेंभुर्णीच्या आत्यानं गावातल्या झाडून साऱ्या बायकांना फोनसमोर बसवायचं कबूल केलं. पहिलाच दिवस! फजिती झाली असती तर आत्याला पुढच्या दहा लग्नांत दुसरा विषय लागला नसता.

अडचण एकच. एलईडी दिवा इतका भगभगीत, की जांभळी साडी गुलाबी दिसायची.

"उजेड कमी-जास्त होणारा दिवा आणू या की," सुनंदा म्हणाली.

"विकत? मी घरात असताना?" (हेच मी मिक्सर बिघडला तेव्हाही म्हटलं होतं. तेव्हापासून चटणी पाट्यावर होते.)

मग मी तिचा तास घेतला. एलईडी मंद करायचे दोन मार्ग. एक, करंट कमी करायचा. ते काय, कुणीही करतं! दुसरा, दिवा सेकंदाला शंभर वेळा चालू-बंद करायचा. लुकलुक दिसत नाही, उजेड तेवढा मंद वाटतो.

"डोळा साफ फसतो!"

"आणि मोबाइल?"

"मोबाइलला काय अक्कल असते?"

मी तसं सर्किट करून दिव्याला जोडलं आणि लाइव्ह सुरू झालं. उजेड कसा मऊ, देवघरातल्यासारखा! मी मिशीवरून हात फिरवला. सुनंदानं जांभळी साडी उलगडली आणि फोनच्या पडद्यावर काळे पट्टे उमटून खालून वर चालायला लागले. साडीवरून, भिंतीवरून, सुनंदाच्या नाकावरून! डोळ्याला न दिसलेली लुकलुक मोबाइलच्या कॅमेऱ्यानं बरोबर पकडली होती.

खाली धडाधड मजकूर येऊ लागला. "ताई, पट्टे लई झ्याक, पण निघालेत कुटं?" आत्यानं लिहिलं, "सुनंदा, थरथरतीस का गं? ताप हाय का?" त्याखाली माझा एक विद्यार्थी! "सर, फ्रिक्वेन्सी वाढवा की. तुमीच शिकवलंय."

सुनंदा रडकुंडीला आली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"थांब, एकच रेझिस्टर बदलतो..."

तिनं माझं सर्किट उपटून फेकलं, दिवा थेट जोडला आणि दोरीवरचा माझा पांढरा बनियन ओढून त्यावर चढवला.

"अजून भगभगतोय. अंगातला काढा."

"अगं, पण..."

"काढा म्हणते ना!"

दुसरा बनियन चढला आणि जांभळी साडी जांभळी झाली. मग काय, तासाभरात साड्या संपत आल्या. शेवटी आत्यानं लिहिलं, "ती हलत्या पट्ट्यांची हाय का गं? मला तीच पायजे."

"नाही हो आत्या," सुनंदा फोनकडे बघून गोड हसली. "त्या कारागिराला आजच काढून टाकलं."

कारागीर तेव्हा दिव्यामागं उघडा उभा होता, बनियन घसरू नयेत म्हणून दोन्ही हातांनी धरून.