काजळ्याच्या तोंडातली कडी

फोन आला तेव्हा मी परभणीत, घरी, तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. माझा भाचा संजू बोलत होता. “आत्या, आप्पा गेले,” एवढं म्हणाला, जरा थांबला, आणि मग म्हणाला, “आन् घोडं कुणाला जवळ येऊ देईना. लगाम तसाच हाय तोंडात.” दिगू, संजूचा बाप, माझा पाठचा भाऊ, सकाळी त्याच्या घोड्यावर, काजळ्यावर बसून शेताकडं गेला होता. बांधावर उतरला, टेकला, आणि पुन्हा उठलाच नाही. सोनपेठच्या पुढं आमच्या माहेरी पोचेपर्यंत दुपार कलली. ओसरीवर बायका रडत होत्या, आणि गोठ्यापुढं ते काळं, आडदांड घोडं मान वर करून उभं होतं. चार गडी दोन्हीकडून दोर धरून, पण लांबूनच. मी आधी दिगूच्या तोंडावरून हात फिरवला, मग तशीच घोड्याकडं गेले. बायका म्हणाल्या असतील, म्हातारी भावाला सोडून घोड्याकडं चालली. म्हणू द्या. कानामागचा पट्टा हळूच पुढं घेतला आणि कडी त्यानं आपण होऊन जिभेवरून सोडेपर्यंत थांबले. ओढून काढली की ती दातावर आपटते, आणि मग दुसऱ्या दिवशी जनावर तोंड देत नाही. हे मला दिगूनंच शिकवलेलं.

लगामाचा जो लोखंडी दांडा घोड्याच्या तोंडात जातो, त्याला आमच्या घरात नुसती कडी म्हणतात. काजळ्याच्या कडीचं सांगितल्याशिवाय माझा भाऊ तुम्हाला कळायचा नाही. पावसाळ्यात आमच्या काळ्या रानात मोटारसायकल अर्ध्या चाकापर्यंत रुतते, म्हणून त्यानं जत्रेतून हे घोडं आणलं. ऐन जवान आणि अंगात रग अशी की मालकानं विकताना सोबत काट्याची कडी दिली. आतल्या बाजूनं दाते काढलेली. म्हणाला, “याच्याबिगर हे थांबत न्हाई, पाटील. जोराचं घोडं हाय.” दिगूनं घरी आणून त्याचं तोंड उघडलं तर जिभेवर जुन्या चिरा, कडेला मांस वर आलेलं. त्या दिवशी तो जेवला नाही. मला फोनवर म्हणाला, “आक्का, हे पळतंय ते जोरानं न्हाई, दुखतंय म्हणून पळतंय. आन् लोक आनिक काटे घालायलेत.”

मग सुरू झाला कडीचा शोध. ज्वारीचं धाटूक घोड्याच्या तोंडात आडवं धरायचा, दोन्ही ओठांच्या कोपऱ्यावर नखानं खूण करायचा आणि ते धाटूक घेऊन सोनपेठच्या लोहाराकडं जायचा. पहिली कडी रुंद झाली. तोंडात इकडून तिकडं सरकायची, ओठ सोलला. दुसरी आखूड, गालाला चिमटा बसायचा. तिसरी त्यानं मुद्दाम जाडजूड करून घेतली. जाड कडी मऊ लागते असं सगळेच म्हणतात, दिगूही म्हणायचा. पण काजळ्याची जीभ मांसल, वरचा टाळू खाली आलेला. त्या जाड कडीनं त्याचं तोंडच मिटेना, लाळ गळायची. लोहार वैतागला. “दिगंबरराव, कडी करायलाव का सोयरीक जमवायलाव?” दिगू म्हणाला, “सोयरीक मोडता येती. हे रोज तोंडात ऱ्हाणार हाय.” चौथी कडी मध्यम जाडीची, मधे किंचित कमान दिलेली, जिभेला खाली जागा राहील अशी. ती घेऊन आला तेव्हा मी भाऊबीजेला माहेरी होते. मला अंगणात उभं केलं. “आक्का, तुपला डोळा नीट हाय. मी पट्टा एकेक भोक वर घेतो. ओठाच्या कोपऱ्याला सुरकुती पडली की सांग.” एक भोक... काही नाही. दुसरं... पडली. “एकच?” “एकच.” “दोन पडल्या तर घोडं हसल्यावानी दिसतंय. हसणाऱ्या घोड्याचं तोंड दुखत असतंय, ध्यानात ठेव.” मग पट्टा तिथंच बांधला आणि लगाम सैल सोडून उभा राहिला. काजळ्यानं कडी जिभेवर घोळवली, चावून पाहिली, आणि हळूहळू मान खाली आणली. दिगू माझ्याकडं बघून असा हसला, की ओवाळणीचं ताट तसंच राहिलं आणि मीही त्या मुक्या जनावराकडं बघत बसले. त्यानंतर थंडीच्या दिवसांत तो कडी आधी काखेत धरायचा. म्हणायचा, “गार लोखंड तुपल्या तोंडात घालून बघ बरं.” आणि काजळ्या मान खाली घालून, आपण होऊन, कडी मागून घ्यायचा.

पण खोटं कशाला सांगू? घोड्याच्या तोंडाची एवढी काळजी करणाऱ्या माझ्या भावाच्या तोंडात पोराशी बोलताना काटे यायचे. संजूला त्यानं चार माणसांत ‘बिनकामाचं’ म्हटलेलं मी माझ्या कानांनी ऐकलंय, एकदा नाही. माझी भावजय होती तोवर मधे पडायची. ती गेल्यावर बापलेकांत घोड्याशिवाय विषय उरला नाही. संजूला काजळ्या लग्नांत नाचवायचा होता. वरातीत घोडं मागच्या पायांवर उभं राहिलं की लोक शिट्ट्या मारतात, बोलावणी येतात. त्यासाठी त्यानं ती जुनी काट्याची कडी माळ्यावरून काढली, तर दिगूनं ती विहिरीत फेकली आणि म्हणाला, “मी मेल्यावर नाचव.” असं बोलू नये माणसानं.

दहाव्याला गंगेच्या काठी पिंड ठेवला तर कावळा शिवेना. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. कावळे समोरच्या बाभळीवर बसलेले, पण एकही खाली येईना. ऊन तापलं. कुणी म्हणालं, शेत पडीक ठेवणार नाही म्हण. म्हणून झालं. कुणी म्हणालं, बहिणीला अंतर देणार नाही म्हण. तेही झालं. शेवटी गावातलं एक म्हातारं माणूस म्हणालं, “घोड्याचं बोल की रं, कामून आडून बसलास?” संजूनं हात जोडले, पिंडाकडं बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, “आप्पा, काजळ्याला काट्याची कडी घालणार न्हाई. तुमची हाय तीच ऱ्हाईल.” आणि कावळा उतरला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मीही लावला. म्हटलं, सुटला माझा भाऊ.

फाट्यावर श्रद्धांजलीचा मोठा बॅनर लागला होता. त्यात दिगू पांढऱ्याशुभ्र घोड्यावर बसलेला. कुठल्या तरी कॉम्प्युटरातलं घोडं. मी विचारलं तर म्हणाले, काळं घोडं अशुभ दिसतं बॅनरवर.

नंतर काही आठवड्यांनी नात्यातल्या लग्नाला वालूरला गेले. वरात आली तेव्हा मी मांडवाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलेले. डीजेनं छातीत धडधड होत होती. पुढं घोडं नाचत होतं, गोंडे, आरसे, कपाळावर कलगी, लोक फोन वर धरून फोटो काढत होते. मला आधी घोडं ओळखू आलं नाही, त्याचं तोंड ओळखू आलं. ओठांचे कोपरे वर ओढलेले. हसल्यासारखे... आणि फेस लालसर. जुनी काट्याची कडी विहिरीत गेली, ही नवी करून आणलेली. दोर संजूच्या हातात, डोक्याला नारंगी फेटा. मी गर्दीत घुसले. त्यानं मला बघितलं आणि दोर दुसऱ्याच्या हाती देऊन मला बाजूला घेतलं.

“आत्या, इथं तमाशा करू नको.”

“गंगेवर काय बोलला होतास रे तू?”

“ते कावळ्यासाठी बोललो व्हतो. लोक उनात ताटकळले व्हते.”

मी काजळ्याच्या तोंडाकडं बोट दाखवलं. तोच पुढं बोलला, “येवढ्या पब्लिकमधी जोराचं घोडं, त्या गुळगुळीत कडीवर कोण आवरंल? कुणाला तुडवलं तर तू येशील का सोडवायला?” आणि मग, फेटा नीट करत, माझ्याकडं न बघता, “त्या जनावरासाठी चार कड्या बदलल्या त्यायनी. मपल्याशी येकदा तरी नीट बोलले का? सांग की, तू तर सगळं बघितलंस.”

बघितलं होतं. म्हणूनच मला आजही संजूपेक्षा दिगूचा राग जास्त येतो. बापाचं उट्टं पोरगं घोड्याच्या तोंडावर काढतंय, आणि ज्याच्याशी भांडावं तो फोटोत, परक्या घोड्यावर, हसत बसलाय. मी काजळ्याजवळ गेले. गालावर ठेवायला हात वर केला, दिगू ठेवायचा तसा. त्यानं मान झटकन वर, लांब फेकली. डोळ्यांचं पांढरं दिसलं. तो परत मागच्या पायांवर उभा राहिला आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. माझा हात बघूनच उभा राहिला तो.

दुसऱ्या दिवशी परभणीला न येता तडक माहेरी गेले. चौथी कडी कुठं आहे ते बघायचं होतं. गोठ्यातल्या खुंटीवर नव्हती. परसातल्या फाटकाला होती, तारेनं बांधलेली. फाटकाची कडी तुटली म्हणून ही लावली होती. संजूची बायको बिचारी म्हणाली, “घेऊन जा आत्या, मी सुतळी बांधते.” तिनंच तार सोडून दिली.

आता ती माझ्या खिडकीशी, देवाच्या कोनाड्याखाली खिळ्याला आहे. मधल्या कमानीवर काजळ्याच्या दातांनी घासून गुळगुळीत झालेली जागा आहे, तिथं अंगठा बरोबर बसतो. सध्या सकाळी थंडी पडते. चहा ठेवते, आणि आधण येईपर्यंत कधी कडी काढून काखेत धरते ते माझं मला कळत नाही. जरा वेळानं लोखंडाचा गारवा जातो. बरोबर तोंडात घालण्याइतकी कोमट होते... मग ती हातात घेऊन मी स्वयंपाकघरात उभी राहते.