माझ्या नावाखाली काय छापायचं

आमच्याकडं लग्नपत्रिकेत नवरा-नवरीची नावं मधे मोठ्या अक्षरांत असतात, पण लोक वाचतात ती खालची बारीक अक्षरं. चुलते, मामा, मेव्हणे, आणि प्रत्येकाच्या नावाखाली तो कोण आहे ते. माजी सरपंच, ग्रामसेवक, व्हाइस चेअरमन. ज्याला काहीच सापडत नाही त्याच्या नावाखाली ‘प्रगतशील शेतकरी’ छापतात, मग त्याच्या रानात कुसळं का उगवेनात.

थोरल्या मुलीच्या पत्रिकेचा मजकूर ठरवायला आम्ही तेर गावच्या घरी बसलो, तेव्हा माझ्या चुलत्यांनी माझ्यासाठी तेच सुचवलं.

“लिहा, प्रगतशील शेतकरी.”

“तात्या, माझं दोन एकर धाकटा भाऊ कसतो. मला धड कासरा धरता येत न्हाय.”

“मग काय लिवायचं?”

“बी.ए., ट्रम्बोनवादक.”

तात्यांनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सारलं. “लोक म्हणतेल, पोरीच्या बापाला कसली बिमारी हाय का काय.”

सगळे हसले. मीही हसलो. पण शब्द मागं घेतला नाही.

ट्रम्बोन म्हणजे पितळी बाजा. त्याची एक लांब नळी हातानं पुढं-मागं सरकवून सूर काढायचे. गावातली पोरं त्याला पंप म्हणायची, सायकलचा पंप. मी कॉलेजला धाराशिवला खोली करून राहायचो. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. खोलीच्या मागं एका बँड पार्टीचा सराव चालायचा. मी आधी खिडकीतून ऐकायचो, मग दारात उभा राहायचो, मग एके दिवशी पार्टीच्या मास्तरांनी पंप हातात दिला आणि म्हणाले, “फुंका, साहेब. कॉलेजात हे शिकवत नाहीत.”

बी.ए. झालो आणि त्याच उन्हाळ्यात लग्नांत वाजवायला लागलो. गावात बोभाटा झाला. शेतकऱ्याच्या पोरानं वाजंत्र्याचं काम करायचं? बाजा हे गावाबाहेरच्या वस्तीचं काम, असं आमच्याकडं उघड बोलतात, अजूनही बोलतात. माझे मास्तर त्याच वस्तीतले. लग्नात ते लोकांना नाचवायचे आणि जेवायला मांडवाच्या मागं सगळ्यात शेवटी बसायचे. मी त्यांच्याच शेजारी बसायचो. वाढपी ओळखीचा निघाला तर म्हणायचा, “तुम्ही इकडं या की, पाव्हणं.” मी म्हणायचो, “इथंच वाढा.”

वरातीत ट्रम्बोनवाला सगळ्यात पुढं चालतो. कारण साधं आहे. मागं राहिला तर नळी पुढच्याच्या पाठीत बसेल. त्यामुळं मी जिल्ह्यातल्या निम्म्या नवरदेवांच्या घोड्यांपुढं चाललोय. आणि आमच्या पार्टीचा एक नियम होता. नाचणारे थांबत नाहीत तोवर गाणं संपवायचं नाही. कडवी संपायची, पोरं नाचतच राहायची. मग मास्तर क्लॅरिनेट खाली घेऊन माझ्याकडं मान हलवायचे. म्हणजे आता तू वाजव, जे सुचेल ते, पण ताल सोडू नको. येडशीच्या एका वरातीत तर मूळ गाणं कुठलं होतं तेच मी विसरून गेलो होतो आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

पुढं मुंबईला गेलो. एका हॉटेलात जॅझ वाजवणाऱ्यांना ट्रम्बोनवाला हवा होता. त्यांच्यातल्या पियानोवाल्यानं मला इंग्रजी-हिंदीत समजावलं, की आम्ही गाणं एकदा वाजवतो, मग प्रत्येकानं आपापलं वाजवायचं, जे सुचेल ते. मी म्हटलं, एवढंच ना? ते कपाळाला आठ्या घालून बघत राहिले. मग मी वाजवलं. तिथं मी बारा-तेरा वर्षं टिकलो. जॅझ आम्हाला परकं, असं कुणी म्हणालं की मला राग येतो. मी ते डांबरी रस्त्यावर, धुळीत शिकलोय.

स्टुडिओत मात्र फजिती झाली. पहिल्याच रेकॉर्डिंगला काचेपलीकडून आवाज आला, “कोण खिळे ठोकतंय?” कुणीच नाही. परत सुरू, परत बंद. शेवटी कळलं, माझे पाय. बँडवाल्याचे पाय उभ्या जागी चालतात, थांबवता येत नाहीत. चपला काढल्या तरी धपधप माइकमध्ये. पाय दाबून धरले तर सूर येईना. दुसऱ्या दिवशी मी आईची गोधडी घेऊन गेलो, चौघडी करून पायाखाली घातली आणि वाजवलं. सगळे हसले. हसू देत. सिनेमांची गाणी, मालिकांची शीर्षकं, साबणाच्या जाहिराती, सगळं त्या गोधडीवर उभं राहून केलं. माझं नाव कुठंही छापलं गेलं नाही. पडद्यावर वादकांची नावं येत नसतात.

नंतर एक माणूस एका यंत्रावर सगळी वाद्यं वाजवायला लागला आणि बोलावणी कमी झाली. तेरला परत आलो. पण काम संपलेलं नाही. घरातल्या एका खोलीच्या भिंतींना रजया टांगल्यात, माइक लावलाय. मुंबई-पुण्याची पोरं फोनवर गाणं पाठवतात, मी वाजवून परत पाठवतो. मधेच धाराशिवची एसटी हॉर्न मारते, मग पुन्हा पहिल्यापासून.

एवढं आयुष्य एका शब्दात बसत होतं आणि तो शब्द तात्यांना नको होता.

मजकूर ढोकीला दाखवायला धाडला, तेव्हा खरा नकार तिथून आला. होणारे इवाई, म्हणजे मुलाचे वडील, उसाचे मोठे बागायतदार. पसंतीच्या वेळी तात्यांनी त्यांना “मुंबईला सिनेमा लाइनला होते” एवढंच सांगितलं होतं. सुपारी फुटलेली, तारीख धरलेली, पोरगा-पोरगी रोज फोनवर बोलणारी. अशात सोयरीक मोडली तर बोट मुलीकडंच जातं, हे मला कुणी सांगायला नको होतं.

इवाई स्वतः आले. चहा समोर ठेवला, त्यांनी कपाला हात लावला नाही.

“इवाई, पत्रिकेत हे काय लिवलालाव?”

“माझं काम.”

“आमच्या भावकीत दोन चेअरमन हायती. ते इचारतेल, म्हंजी काय? मी काय सांगू?”

“सांगा, बाजा वाजवतेत.”

“वरातीत?”

“वरातीत बी, सिनेमात बी.”

तात्या मधे पडले. “मी तेच म्हणतोय, प्रगतशील शेतकरी...”

“तात्या,” मी म्हणालो, “ज्यांनी खरंच शेती केली त्यांची तरी लाज राखा.”

इवाई म्हणाले, “मग नुसतं नाव छापा. खाली काहीच नको.”

हा वाईट तोडगा नव्हता. माझ्या बायकोनं दारातून डोळ्यांनी ‘हो म्हणा’ सांगितलं. मला मुलीचा चेहरा दिसत नव्हता, ती आत होती. क्षणभर वाटलं, घ्यावं मिटवून. पण मग आठवलं, आयुष्यभर कामाखाली नाव नव्हतं. ते परक्यांनी केलं होतं. आता माझ्या घरात बसून नावाखालचं काम मीच पुसायचं?

“न्हाय,” मी म्हणालो.

इवाई उठायच्या बेतात होते. तेवढ्यात मुलगी बाहेर आली. ती धाराशिवला बँकेत आहे, कुणाच्या तोंडावर बोलायला डरत नाही. इवायांच्या पाया पडली आणि म्हणाली, “मामा, माझं शिक्षण त्या बाजावर झालंय. उद्या तुमच्या घरी कुणी माझ्या वडिलांचं इचारलं तर मी हेच सांगणार. मग तवा सांगण्यापेक्षा आताच छापलेलं बरं न्हाय का?”

 इवायांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. “बापावर गेलीस,” म्हणाले. आवाजात कौतुक नव्हतं. “छापा. पण आमच्या पत्रिकेत आमी आमच्या मनासारखं छापू.”

त्यांच्या पत्रिकेत मी ‘कलावंत’ झालो. असू दे. इवाई आजही माझ्याशी रामरामापलीकडं बोलत नाहीत. तेही असू दे.

आमच्या पत्रिका मी स्वतः वाटल्या. प्रथेप्रमाणं हळदी-कुंकू लावून, अक्षता ठेवून, घरोघर, आणि मुद्दाम ढोकीच्या भावकीतसुद्धा. लोक ओळीवर बोट ठेवायचे आणि विचारायचे. मी प्रत्येक उंबऱ्यावर सांगायचो. एका चेअरमनच्या घरी त्यांचे म्हातारे वडील बाजेवर बसले होते. त्यांनी चष्मा लावून ती ओळ सावकाश वाचली.

“म्हंजी काय रं, बँडवाला?”

“व्हय आबा. बँडवाला.”

“मग तसं सरळ लिवायचं की.”

“बरोबर बोललाव,” मी म्हणालो. “धाकटीच्या पत्रिकेत तसंच लिहितो.”