फाटक्या आवाजाची दुरुस्ती

सोलो सुरू झाला आणि माझी गिटार ऐकू येईनाशी झाली. गळ्यात होती, बोटं चालत होती, मी डोळे मिटून मान हलवत होतो, पण लोकांपर्यंत जात होते ते फक्त ड्रम्स. मी डोळे उघडून खाली पाहिलं. मंडपवाल्याचा साउंडवाला गजाभाऊ मिक्सरपाशी बसला होता. त्याने माझं बटण शून्यावर नेलं होतं आणि वर शांतपणे पान लावत होता.

डोंबिवलीतला गणेशोत्सव, ऐंशीचं दशक संपत आलेलं. आमचा रॉक बँड ठाण्याचा. मी गिटारवर, बाळकुमचा मिलिंद कोळी ड्रम्सवर, शैलेश गायला. बेस गिटार वाजवणारे येत-जात असत. सराव वागळे इस्टेटमध्ये, शैलेशच्या काकांच्या वर्कशॉपमध्ये, मशीन बंद असतील त्या रविवारी. मंडळाला खरं तर ऑर्केस्ट्रा हवा होता. तो मिळाला नाही म्हणून आम्ही.

सगळा घोळ एका डबीवरून झाला, तेव्हा ती डबी काय ते सांगतो. इलेक्ट्रिक गिटारचा मूळ आवाज स्वच्छ, गोड असतो. त्याला आम्ही ‘क्लीन’ म्हणतो. रॉकमध्ये तो मुद्दाम फाडतात. गिटार आणि अॅम्प्लिफायरच्या मध्ये पायाशी एक डबी ठेवतात, ती डिस्टॉर्शन पेडल. तिच्यावर पाय दिला की आवाज खरखरीत, जाड, गुरगुरता होतो. ठाण्यात हे पेडल मिळत नव्हतं. मिलिंदचा मामा जहाजावर होता, त्याने परदेशातून आणून दिलं. मी ते मोज्यात गुंडाळून ठेवत असे.

आणि या गजाभाऊला वाटलं, काहीतरी बिघडलंय.

गाणं संपल्यावर मी खाली उतरून त्याच्यासमोर उभा राहिलो.

“गजाभाऊ, माझा आवाज का बंद केला?”

“अरे, फाटत होता तुझा आवाज. माझे स्पीकरचे बॉक्स जळाले असते.”

“तो फाटायलाच पाहिजे. त्यासाठीच ती डबी आहे.”

“आवाज फाडायला डबी?” त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “फसवलं रे तुला कोणीतरी.”

पुढच्या प्रत्येक गाण्यात तेच. मी पेडलवर पाय दिला की गजाभाऊचा हात बटणावर. शेवटी मंडळाच्या सेक्रेटरींनी माइक घेतला. ‘तांत्रिक अडचणी असूनही कार्यक्रम सांभाळून नेल्याबद्दल’ त्यांनी गजाभाऊला शाल-श्रीफळ दिलं. टाळ्या पडल्या. मी स्टेजवर उभा राहून ते बघितलं. तांत्रिक अडचण म्हणजे मी.

एरवी मी शिव्या देऊन विसरलो असतो. पण त्या दिवशी पहिल्या रांगेत माझे बाबा बसले होते.

बाबांनी मला वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत माल पाठवायच्या खात्यात, डिस्पॅचला, चिकटवायचं पक्कं केलं होतं. मी हट्ट धरला होता, एक वर्ष द्या, फक्त बँड करतो. नौपाड्यातल्या आमच्या घरात यावर रोज जेवताना वाद व्हायचा. आई कंटाळून एकदा म्हणाली, “अहो, निदान एकदा ऐका तरी तो काय वाजवतो ते.” बाबांनी मान्य केलं. आधी ऐकतो, मग सांगतो. म्हणजे माझं सगळं वर्ष त्या संध्याकाळवर होतं, आणि ती संध्याकाळ गजाभाऊच्या बोटाखाली.

 परतताना बाबा म्हणाले, “बोटं चांगली चालतात तुझी. पण तुझं ते मशीन खराब आहे.”

“खराब नाही बाबा. तो आवाज तसाच असतो.”

“तसा कसा असेल? इतकी माणसं कानावर हात ठेवून बसली होती.”

“गजाभाऊने ऐकूच दिलं नाही तुम्हाला. पुढच्या आठवड्यात ठाण्यात बँडची स्पर्धा आहे, तिथे साउंड चांगला असतो. तिथे ऐका.”

“ठीक आहे. तिथे ऐकतो,” बाबा म्हणाले. इतक्या सहज तयार झाले, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

मधल्या रविवारी काकांच्या वर्कशॉपला ओव्हरटाइम होता, त्यामुळे सराव झाला नाही. घरी अॅम्प्लिफायर नव्हता, त्यामुळे पेडल बॅगेतच राहिलं. निदान माझी तशी समजूत होती.

स्पर्धेत आम्ही आमचं स्वतःचं गाणं घेतलं. शैलेशने लिहिलेलं, चाल माझी. गाणं हळू सुरू होतं, वाढत जातं, मिलिंद ड्रम्स थांबवतो, आणि त्या शांततेत मी पेडलवर पाय देतो. तिथून भिंत कोसळल्यासारखा सोलो. गाण्याचा जीव तेवढाच. हॉल मोठा, बॉक्स दणकट, आणि साउंडवाला आमच्याच वयाचा, केस वाढवलेला. त्याला डिस्टॉर्शन म्हणजे काय ते माहीत होतं. भाषणं लांबल्यामुळे आधी वाजवून बघायला, साउंड चेकला, वेळ मिळाला नाही, पण मी निर्धास्त होतो.

मिलिंद थांबला. मी पाय दिला. पेडलचा लाल दिवा लागला. मी तार ओढली.

टिंग.

प्रार्थनेआधी बालवाडीतल्या बाई पेटीवर सूर देतात, तितका सात्त्विक आवाज आला. मी पाय काढला, पुन्हा दिला. टिंग. साउंडवाल्याकडे खाऊ का गिळू असं पाहिलं. त्याने दोन्ही हात वर केले, माझं काही नाही. मागून मिलिंद ओरडला, “अरे, पेडल दाब ना!” दाबलंच होतं. सगळा सोलो मी तसाच वाजवला, गोड आणि बिचारा.

तेवढ्यात पहिल्या रांगेत बाबा उभे राहिलेले दिसले. ते जोरजोरात टाळ्या वाजवत होते. शेजारच्या माणसाला माझ्या पायाकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होते. तोंडाच्या हालचालीवरून मला एवढं कळलं: बघा, आता फाटत नाही.

माझ्या सगळं लक्षात आलं.

नौपाड्यात जोगकाकांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. बाबांनी माझं पेडल मोज्यातून काढून गुपचूप त्यांच्याकडे नेलं होतं. मला आनंदाचा धक्का द्यायचा म्हणून. आणि दुरुस्त करून, पुन्हा मोज्यात गुंडाळून, बॅगेत ठेवलं होतं.

परीक्षक म्हणाले, गाणं ठीक, पण गिटारमध्ये दम नाही. आम्ही कुठेच आलो नाही. मिलिंद कपडे बदलताना माझ्यावर भडकला होता. “मामाने एवढं लांबून आणलं आणि तुझ्या बाबांनी ते रेडिओवाल्याला दिलं? आमच्या घरात माझ्या ड्रमच्या काठ्यांना कोणी हात लावत नाही.”

मीसुद्धा संतापलो होतो. बाबांना काय काय बोलायचं ते मनात जुळवत बाहेर आलो. बाबा रिक्षा थांबवून उभे होते. मी बसलो. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी असं शेवटचं कधी केलं होतं ते मला आठवेना.

“उगाच अडवत होतो तुला,” ते म्हणाले. “छान वाजवतोस. घे एक वर्ष.”

  जुळवलेलं सगळं बाजूला ठेवून मी म्हटलं, “थँक्यू, बाबा.”

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच मी जोगकाकांसमोर पेडल आपटलं.

“काका, काय केलंत याचं?”

“आतले दोन डायोड नको तिथे लावले होते, त्यांच्यामुळेच आवाज फाटत होता. काढून टाकले. कंपनीचीच चूक होती,” ते चष्मा पुसत म्हणाले.

“ते पुन्हा लावा.”

“का?”

“मला फाटका आवाज हवाय.”

“म्हणजे मी हे बिघडवून देऊ?”

“हो.”

जोगकाकांना राग आला. त्यांना, मला नव्हे. “इतकी वर्षं दुकान चालवतोय. माझ्या टेबलावरून बिघडलेली वस्तू बाहेर जात नाही. आणि तुझे वडील काय म्हणतील मला?”

मी पेडल उचलून घरी आलो. तसं पेडल दुसरीकडे नीट करून घेता आलं असतं. पण बाबांनी तोपर्यंत सगळ्या बिल्डिंगला सांगून टाकलं होतं, मुलाच्या गिटारमधला दोष आपण कसा शोधला ते.

त्यांनी दिलेलं वर्ष मी पूर्ण केलं. सगळं क्लीन वाजवून. रॉक सुटलं, लग्नाच्या रिसेप्शनची कामं मिळू लागली, मिलिंद दुसऱ्या बँडमध्ये गेला आणि वर्ष संपल्यावर मी डिस्पॅचला लागलो. बाबांनी एकही कार्यक्रम चुकवला नाही. पहिल्या रांगेत बसायचे आणि सोलो आला की शेजाऱ्याला माझा पाय दाखवायचे.

आता गिटार शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगतो, पेडल घरात कुलपात ठेवा. चोरांची भीती नाही. चोर निदान ते दुरुस्त करून परत आणून ठेवत नाहीत.